मागच्या चाकाखालचं लिंबू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि वहिनींनाही.

घरोघरी रंगीत टीव्ही येऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट. मुलुंडला आमच्या शेजारच्या विलासने जुनी, क्रीम रंगाची गाडी घेतली. चारही टायर झिजून पार गोटा झालेले. मी मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात बिलं लिहायचो, तेवढ्यावर अख्खी सोसायटी मला जाणकार समजायची. मला टायरमधलं काय कळत होतं? पण तसं कबूल करायला माझी जीभ कधी रेटली नाही.

नवे टायर निवडायला विलास मलाच घेऊन गेला. घाटकोपरच्या दुकानात मी टायर अंगठ्याने दाबले, टिचकी मारून ऐकल्यासारखं केलं. दुकानदार म्हणाला, "साहेबांची नजर आहे." झालं — चढलो हरभऱ्याच्या झाडावर! उजेडात नेऊन कडा बघाव्यात, माल किती दिवस पडून आहे ते विचारावं — सुचलं नाही असं नाही. विचारलं तर अडाणी ठरेन असं वाटलं. काळेभोर दिसणारे चार निवडले.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. टायर माझ्या निवडीचे, म्हणून चाकांखाली लिंबं ठेवायचा मानही माझा. मागच्या डाव्या चाकाशी वाकलो आणि हात थबकला. टायरच्या कुशीला फुगवटा होता — हातातल्या लिंबाएवढा. असा टायर कधीही फुटतो, एवढं मात्र मला दुकानातल्या गप्पांतून ठाऊक होतं. वर विलास सगळ्यांना सांगत होता, "टायरचं टेन्शनच नाही यार, आपल्या माणसाने निवडलेत ना!"

दुसऱ्या दिवशी विलास आणि त्याची बायको, आमच्या वहिनी, चिपळूणला निघणार होते. 'विलास, हा बदलून घे' — एवढंच म्हणायचं होतं. पण सगळ्यांसमोर? मी लिंबू नीट सरकवलं आणि हात झटकून उठलो. संध्याकाळी तो जिन्यात एकटा भेटला, तेव्हा तरी? तेव्हाही नाही. "सावकाश जा रे," म्हणालो.

वडखळच्या पुढे तोच टायर फुटला. गाडी झाडावर आदळली. विलासला नुसतं खरचटलं. वहिनींचा उजवा हात — शाळेत चित्रकला शिकवायच्या त्या — कायमचा निकामी झाला.

विलासने पुन्हा गाडी चालवली नाही. कुणी टायरचा विषय काढला, की तोच आडवा येतो. "टायर नवेकोरे होते. मीच हाणली ना गाडी!" मी तिथेच बसलेला असतो, चहा पीत. भेकड — मला दुसरा शब्द नाही.

वहिनी दर दसऱ्याला सोनं द्यायला येतात. आपट्याची पानं पुढे करताना दर वेळी ओशाळतात. "डाव्या हाताने देतेय हं भावजी, राग मानू नका."

मी दोन्ही हातांनी घेतो.