दाजींची नवी आवृत्ती

जगात कुठेही काही नवं निघालं की त्याची पहिली पंगत आपल्या गावात, वरवंडला बसली पाहिजे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमचे दाजी. दौंडकडच्या एका कारखान्यात ते फिटर होते, पण फिटरकी पोटापुरती. जीव अडकला होता तो घरातल्या कंप्युटरमध्ये, आणि त्यातही लिनक्समध्ये. लिनक्स म्हणजे कंप्युटर चालवणारी, कुणालाही फुकट मिळणारी प्रणाली. दोन हजार सहा-सातच्या सुमाराला अख्ख्या गावात मोजून चार कंप्युटर होते, त्यांतल्या तीनांवर पत्ते खेळले जात, आणि चौथ्यासमोर दाजी दर सहा महिन्यांनी निघणाऱ्या नव्या आवृत्तीची वाट बघत बसलेले असत.

सीडी परदेशातून टपालाने यायची, तीही फुकट. पोस्टमनमामांनी पहिलं पाकीट आणलं तेव्हा सही घेता घेता विचारलं, "परदेशात कोण हाय तुमचं?" दाजी म्हणाले, "वळखीचं कुणी न्हाई, पण मानसं चांगली हायती." झालं! महिन्याभरात दाजींचा चुलतभाऊ तिकडे मोठ्या हुद्द्यावर असल्याचं गावात पक्कं झालं, आणि दोघे बाप पोरांच्या नोकरीसाठी शब्द टाका म्हणून घरी आले. दाजींनी त्यांना नाही म्हटलं नाही. चहा पाजला आणि नवी आवृत्ती दाखवली.

ती चढवायचा दिवस सुट्टीचा असे. दाजी सकाळीच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत. आधी कंप्युटरमधल्या सगळ्याची नक्कल तीन सीड्यांवर उतरवायची. एक सीडी कपाटात, एक शेजाऱ्यांकडे आणि एक तुरडाळीच्या डब्यात. डाळीतच का, हे मी विचारलं तर म्हणाले, "पाव्हणं, चोर डाळ चोरत न्हाई." मग पडद्यावरची पट्टी सरकू लागली की ते खुर्चीत मागे रेलत. त्यांचं लहानपण राहू गावच्या शेतात गेलेलं. पाटाचं पाणी वाफ्यात शिरताना बांधावर बसून बघावं, तसे ते त्या पट्टीकडे बघत. त्र्याण्णव टक्क्यांवर ती हमखास अडायची, आणि तेव्हा कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. घरभर दुपारची सुस्ती, हायवेवरच्या ट्रकांची लांबून येणारी घरघर, आणि दाजींच्या चेहऱ्यावर पडद्याचा निळसर उजेड. तिथे बसल्या बसल्या मी कितीदा पेंगलोय! तसली झोप पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत मला कधी लागली नाही.

मग दाजी अनुभव लिहीत. दोनशे पानी वहीत, पेनाने. कारण "ज्याच्याबद्दल लिवायचं त्याच्यावरच कसं लिवायचं? वाईट वाटतंय त्येला." मी ती वही चोरून वाचायचो. "घड्याळ उजवीकडे गेले. सवय होईल." "आवाज बंद पडला. घरात शांत वाटते." "प्रिंटर ओळख दाखवत नाही, पाहुण्यांत भांडण झाल्यासारखा." "खिडक्या ओढल्या की थरथरतात. उपयोग काही नाही, पण फार सुंदर." असल्या निरुपयोगी सुंदर गोष्टींवर त्यांनी आयुष्यभर माया केली. कारखान्यात आठ तास फक्त उपयोगाच्याच गोष्टी हाताळणाऱ्या माणसाला ती हौस असणारच, असं मला आता वाटतं.

याच कंप्युटरवर ताई टाइप करायला शिकली. आमची आई कवठे येमाईला राहायची. तिच्या तोंडी जात्यावरच्या शेकडो ओव्या होत्या, आमच्या वस्तीतल्या बायकांनी रचलेल्या, लेकीच्या शाळेच्या, जयंतीच्या मिरवणुकीच्या. त्या कुठेही लिहिलेल्या नव्हत्या, आणि आईला अलीकडे विसर पडू लागला होता. ताईने आईला अधूनमधून आपल्याकडे आणून त्या उतरवून घ्यायच्या ठरवल्या. हाताने लिहिलेलं तिचं तिलाच लागत नसे, पण कीबोर्डवर बोटं अशी चालायची की आईच्या तोंडून ओळ संपायच्या आत पडद्यावर हजर. दोनशेवर ओव्या झाल्या. विहारातल्या बायका येऊन वाचून जायच्या.

एका एप्रिलमध्ये ताई आईला आणायला कवठ्याला गेली, आणि दाजींनी ती परतायच्या आत, तिला आनंद व्हावा म्हणून, नवी आवृत्ती चढवून टाकली. संध्याकाळी ताई आईला शेजारी घेऊन कंप्युटरसमोर बसली आणि पडद्यावर सगळं इकडचं तिकडे झालेलं बघतच राहिली. "अहो, माझ्या सैपाकघरातलं डबं कुनी हलिवलं?" दाजी हसत काहीतरी समजावून सांगू लागले, तोवर आई भिंतीला टेकून, डोळे मिटून एक ओवी म्हणू लागली. आम्ही कुणी कधी न ऐकलेली. ताईने नेहमीची कळ दाबली, पण मराठी अक्षरं उमटेनात. तिने इकडे दाबलं, तिकडे दाबलं, पेन शोधलं, आणि ओवी संपली.

"आई, परत म्हन की."

"कंची गं?"

दाजी उभेच होते. ताईने पुष्कळ आठवण करून दिली. आई ओशाळून हसली आणि म्हणाली, "जाऊ दे बाई, दुसरी म्हनते." दुसरीही गोड होती. पण ती पहिली पुन्हा कधीच आली नाही. ताई रागावली नाही, नुसती उठून चुलीकडे गेली, आणि तेच दाजींना लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि जन्मात जे केलं नव्हतं ते केलं. जुनी आवृत्ती परत चढवली. ताईची कळ जिथल्या तिथे आली. त्यानंतर किती आवृत्त्या निघाल्या! पडद्यावर सूचना आली की दाजी तिच्याकडे क्षणभर बघत आणि "नंतर" दाबत. ताईने "टाका की आता, शिकंल मी" म्हटलं तरी ते ऐकत नसत.

त्यांच्या नादाने माझ्याही कंप्युटरवर लिनक्स आलं होतं. नवी आवृत्ती निघाली की रविवारी दुपारी त्यांचा फोन ठरलेला. "पाव्हणं, टाकलं का? सांगा की मग." मी सांगायचो. पडद्याचा रंग, चित्रं कशी गोल झालीत, फाइल उघडताना खिडकी कशी उमलते. ते नुसतं "व्हय... व्हय..." करत, आणि माझ्या डोळ्यांसमोर ते डोळे मिटून ऐकताना दिसत.

एका रविवारी मी असाच रंगात आलो होतो, तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "थांबा जरा. आई म्हनाय लागल्यात." त्यांनी फोन बंद केला नाही, बहुधा तसाच टेबलावर ठेवला. लांबून आईचा थरथरता सूर आला, आणि त्याच्या मागोमाग, जराही न अडखळता, ताईच्या बोटांची टकटक. मी सांगायचं विसरून पुण्यात फोन कानाला लावून बसून राहिलो.