एका धवल्याला दोन मशीन

तीन मिनिटांत न मावणारं गाणं मधेच कापायचा अधिकार तुम्ही कुणाला द्याल?

अलिबागच्या आमच्या दुकानात हा अधिकार गाणाऱ्याखेरीज सगळ्यांना होता. आम्ही रेडिओ दुरुस्त करायचो आणि कुणी बोलावलं तर घरी जाऊन गाणं रेकॉर्ड करून द्यायचो. त्या दिवशी काउंटरवर दामू उभा होता. मुंबईच्या गिरणीत फिटर, गाव खारेपाटात. थोरल्या बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं. त्याची जनाआत्या धवलारीण. आगरी लग्नात देवांना नावानिशी आवतण देत धवला गाते ती धवलारीण. ती एक ओळ गाते, मागच्या बायका तीच ओळ झेलतात. आत्याचा घसा बसत चालला होता. हे लग्न शेवटचं, असं तिनं घरात सांगून टाकलं होतं. तिचा धवला कुठल्या पुस्तकात नव्हता आणि तिच्यानंतर गाणारं कुणी तयार नव्हतं.

शेठनी पुठ्ठ्याच्या कोऱ्या डिस्क पुढे सरकवल्या.

कोरी डिस्क म्हणजे आत पत्रा किंवा पुठ्ठा आणि वर लॅकरचा लेप. मशीनची सुई त्या लेपात गाणं कोरते. एकदा कोरलं की पुसता येत नाही. आपल्या खाऱ्या हवेत पुठ्ठा ओल धरतो आणि डिस्क पापडासारखी वळते. शेठना हे ठाऊक होतं. मी एक डिस्क तिथेच मशीनवर चढवली. चांगल्या लेपातून सुईमागे केसासारखा अखंड धागा निघतो. हिच्यातून भुसा निघाला. लेप वाळून गेला होता. दामूला मी सरळ सांगितलं, हा माल घेऊ नका.

"तू नोकर माझा की गिऱ्हाइकाचा?" शेठनी विचारलं.

"पगार तुमचाच खातो, शेठ. पण ही डिस्क माझ्या हातून कोरली जाणार नाही."

शेठनी कडू तोंडानं आतून ॲल्युमिनियमच्या डिस्क काढल्या.

आत्या औषधाला अलिबागला येणार होती. दामूनं तिला चाचणीसाठी दुकानात आणलं. झेलायला एक शेजारीणही आली. आत्यानं डोळे मिटून धवला धरला. तीन मिनिटांत सुई डिस्कच्या मधोमध पोचली. मी हात वर केला. दामूनं तिच्या खांद्याला हात लावला. आत्या थांबली नाही. शेवटच्या देवाचं नाव घेऊनच तिनं डोळे उघडले.

"हात कसला दाखवतोस रं?"

"आत्या, डिस्क संपली."

"तुजी डिस्क संपली म्हणून देवांना अर्ध्या वाटंवर उभं करू काय? आवतण दिलंय त्यांना."

चार देव कमी केले तर मावेल, असं शेठनी सुचवलं.

"करू की. कोनाला वगळू ते तुमी सांगा. मग त्याला उत्तरपन तुमीच द्या."

शेठनी भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे पाहून हात जोडले.

सावकाश फिरणारी मोठी डिस्क मिळत होती. तिच्यात अख्खा धवला मावला असता. पण घरच्या चावीच्या ग्रामोफोनवर ती वाजत नाही. म्हणजे गाणं जपलं जाणार आणि घर मुकं राहणार. ते मला पटेना.

शेजारीण झेलत होती ते माझ्या कानात होतं. मी शेठना म्हटलं, प्रत्येक ओळ दोनदा येते. दुसरं मशीन असेल, तर पहिली डिस्क संपत आली की बायका झेलत असतानाच दुसरी सुरू करता येईल. एकही देव बाहेर राहणार नाही. पण आमच्याकडे मशीन एकच. दुसरं होतं पनवेलच्या एका दुकानदाराकडे, आणि त्याच्याशी शेठचं हाडवैर. मी पनवेलचं नाव काढायच्या आत शेठनी टोपी चढवली.

"देवाला उत्तर देण्यापेक्षा त्या पनवेलवाल्याचं तोंड बघतो," ते म्हणाले आणि स्वतः एस.टी.नं जाऊन मशीन घेऊन आले.

गावात वीज नव्हती. लग्नाच्या दिवशी दोन्ही मशीन आणि ट्रकच्या बॅटऱ्या बैलगाडीतून नेल्या. सुईमागे निघणारा धागा ठिणगीनंही भडकतो, म्हणून मी समई हलवायला सांगितलं. आत्यानं समई हलवू दिली नाही, मशीनंच हलवायला लावली. धवला पहिल्या देवापासून शेवटच्या देवापर्यंत उतरला. जिथे एक डिस्क संपते तिथे बायका झेलताहेत, आणि पुढची त्याच झेलण्यावर सुरू होते. आत्यानं गालाला हात लावून सगळ्या ऐकल्या. "ही बाय दम लय घेते," एवढंच तिचं मत.

लॅकर मऊ असतो. प्रत्येक वाजवण्यात थोडा घासतो. मी बांबूची मऊ सुई वापरायला बजावलं होतं, तरी दिवाळीपर्यंत डिस्क खरखरू लागल्या, इतक्या त्या वाजल्या. पण तोवर दामूची धाकटी बहीण त्या डिस्कसमोर बसून झेलता झेलता सगळा धवला शिकली होती. पुढच्या लग्नसराईत ती पुढे बसली. आत्या मागे बसून झेलत होती.

डिस्क घ्यायची तर ॲल्युमिनियमची घ्या, धागा अखंड निघतो का ते समोर बघा. कितीही चांगली घेतलीत तरी ती झिजणारच. म्हणून एक मागणं आहे. तुमच्या गावात धवलारीण असेल तर या आठवड्यातच तिच्यामागे झेलायला घरातली एक मुलगी बसवा. मग आम्हाला कळवा. मशीनं आम्ही आणू.