व्हर्लिनची रुंद चाकं

व्हर्लिन अॅमस्टुट्झचा आवाज गावात कमी लोकांनी ऐकला होता, पण त्याच्या गाडीचा सगळ्यांनी. ओहायोतल्या त्या लहान गावात मुख्य रस्ता एकच. पोस्टापासून सुरू होऊन, चर्चसमोरून जाऊन तो दूधवाल्यांच्या गोठ्यापाशी संपतो. त्या रस्त्यावरून व्हर्लिनची एकाहत्तर सालची नोव्हा वळली, की मागच्या चाकांतून डुकराची शेपटी दारात सापडावी तसा आवाज निघे आणि पाठोपाठ जळक्या रबराचा वास. मग पोस्टातली बाई मान वर न करता म्हणे, "व्हर्लिन आला."

कारण अगदी साधं होतं. गाडीच्या मागच्या चाकांच्या घरात सात इंचांचं टायर सुखाने राहिलं असतं. व्हर्लिनने तिथे दहा इंचांचं कोंबलं होतं, आणि ते पत्र्याला घासे. रुंद टायर मागे असलं की गाडी पैलवानासारखी दिसते, असं त्याचं एकोणिसाव्या वर्षापासूनचं मत. आता तो बासष्टचा होता. एकतीस वर्षं काउंटीच्या गॅरेजात त्याने बर्फ ढकलायचे ट्रक दुरुस्त केले, लोकांच्या गाड्यांची दुखणी नुसत्या कानाने ओळखली, आणि स्वतःच्या गाडीचं दुखणं मात्र स्वतः पैसे मोजून विकत आणलं. नाकापेक्षा मोती जड, तशी गत. तो स्वतःच म्हणायचा, "मला डॉक्टर व्हायला हवं होतं. स्वतःचा पाय मोडून घेतला असता आणि लोकांना चालायचं कसं ते शिकवलं असतं."

बायको आर्लीनला त्या गाडीत बसणं सोडून बरीच वर्षं झाली होती. मुलगी रिने शाळेत होती तेव्हा म्हणायची, "डॅडी, मला कोपऱ्यावरच सोड. तिथून चालत जाईन." तो कोपऱ्यावर सोडायचा. तिला चालायची आवड आहे, असं तो पुष्कळ वर्षं धरून चालला होता. एकदा आर्लीननेच सांगितलं, की आवड चालण्याची नव्हती.

म्हणून फेब्रुवारीत रिनेचा फोन आला तेव्हा त्याला खुर्ची ओढून बसावं लागलं. चौतिसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं होतं, जूनमधल्या शनिवारी, गावातल्याच चर्चमध्ये.

"डॅडी, चर्चला मी तुझ्या गाडीतून येणार."

"कुठल्या?"

"नोव्हातून. पण ती ओरडायला नको. सगळे दारात उभे असतील."

"नाही ओरडणार," व्हर्लिन म्हणाला. फोन ठेवल्यावर आर्लीनने विचारलं, "कशाच्या जोरावर सांगितलंस?" मुलीने आपणहून त्या गाडीत बसायचं म्हटलं, तेही जन्मात पहिल्यांदा. त्यावर दुसरं काय बोलणार.

हिवाळा संपायच्या आत त्याने मागे हवेचे शॉकअप बसवले आणि हवा भरून गाडीचा मागचा भाग उचलला. घासणं थांबलं. पण गाडी पाण्यात चोच बुडवलेल्या बदकासारखी दिसू लागली. समोरचा दिवा रस्ता सोडून स्वतःचंच नाक उजळायचा. आर्लीन खिडकीतून बघून म्हणाली, "या गाडीतून उतरताना नवरी उतरणार नाही, घरंगळेल." हवा परत सोडली.

मग बॅटचा प्रयोग. चाक आणि मडगार्ड यांच्या फटीत बेसबॉलची बॅट आडवी घालायची, गाडी इंचाइंचाने पुढे न्यायची. चाकाबरोबर बॅट फिरते आणि मडगार्डाची आत वळलेली पत्र्याची कड वर दाबत जाते. गावोगावच्या पोरांनी केलेली युक्ती आहे ही. फक्त आधी पत्रा गरम करावा लागतो, नाहीतर रंग तडकतो. व्हर्लिनने तो आर्लीनच्या केस वाळवायच्या यंत्राने गरम केला. शेजारचा डेल्मर गायझर गाडी चालवत होता.

"गरम झालाय का?" डेल्मरने विचारलं.

"हाताला लागतोय."

"तुझा हात की पत्रा?"

पत्रा पुरेसा गरम नव्हता. कड वर गेली, आणि तिच्यासोबत वीतभर लांबीचा लाल रंग पापुद्र्यासारखा सुटला. डेल्मर उतरला, तो तुकडा त्याने उचलून व्हर्लिनच्या खिशात ठेवला आणि म्हणाला, "जपून ठेव. हा मूळचा रंग आहे." रंगाला पुढे तीन आठवडे गेले.

एवढं होऊन त्याने गाडी जॅकवर चढवली, आत हात घालून पाहिलं. चार बोटं फट. त्या रविवारी प्रार्थनेनंतरच्या जेवणात, ताटात बटाट्याच्या लगद्यावर नूडल्स वाढून घेताना, त्याने चार जणांना चार बोटं दाखवली. जॅकवर चाकं खाली लोंबत असतात आणि फट फुकटची मोठी दिसते, हे तो एकतीस वर्षं नव्या पोरांना शिकवत आला होता. गाडी जमिनीवर आली तेव्हा बोटही जाईना.

कड कापून, घासून, स्प्रिंगच्या पाट्यांखाली एक पट्टी चढवून रिकाम्या गाडीत एक बोट फट मिळाली. पण मागे माणसं बसणार होती: रिने, तिची करवली आणि आर्लीनची मोठी बहीण लव्हॉन, जी नवरीचा झगा सांभाळणार होती. कुणाचं वजन किती हे विचारायचं कसं. आमच्याकडे माणसाला पगार विचारतील, ऑपरेशन दाखवायला सांगतील, पण बाईचं वजन विचारणाऱ्याला पुढच्या रविवारी बाकावर कोणी जागा देणार नाही.

व्हर्लिनने तळघरातून मिठाच्या पिशव्या आणल्या. विहिरीचं पाणी मऊ करायला आमच्या घरोघरी हे मीठ लागतं, एका पिशवीत चाळीस पौंड. त्याने मागच्या बाकावर पिशव्या रचल्या आणि गोंधळ नको म्हणून खडूने नावं घातली. रिने, साडेतीन. करवली, साडेतीन. लव्हॉन, पाच. पट्टे बांधून तो रेल्वेच्या फाटकावरून तीन वेळा गेला. गाडी मुकी. घरी येऊन त्याने डोळे मिटले आणि देवाचे आभार मानले. टायरसाठी देवाला मध्ये घालू नये हे त्याला कळत होतं, पण आभार मानायला हरकत नसावी.

डोळे उघडले तर लव्हॉन उभी. आदल्या आठवड्यात आर्लीनकडे राहिलेलं आपलं भांडं न्यायला आली होती, आणि गाडीचं दार उघडं होतं.

"हे काय आहे?"

"मीठ," व्हर्लिन म्हणाला.

"मीठ दिसतंय. माझं नाव कशाला त्याच्यावर?"

व्हर्लिनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. केस वाळवायच्या यंत्राने पत्रा कधी इतका तापला नव्हता. लव्हॉनने वाकून पिशव्या मोजल्या. एकदा मोजल्या, मग बोट लावून पुन्हा.

"पाच?"

"अंदाजे, लव्हॉन. मी आपलं..."

"व्हर्लिन, खरं सांग. मनात किती आल्या होत्या?"

त्याने खडू खिशात घातला.

"सहा आल्या होत्या. मग तुला वाटलं, बिचारीला बरं वाटेल, एक काढूया. मी सहा आहे. इस्टरनंतर सव्वासहा. तुझ्या चांगुलपणापायी त्या दिवशी माझ्याखाली ही गाडी केकाटली, तर लाज कोणाची जाईल? माझी. ठेव ती पिशवी परत."

त्याने ठेवली. लव्हॉन भांडं मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली, म्हणाली, मलाही ऐकायचंय. फाटकावर गाडीने दोन्ही बाजूंनी अशी किंकाळी फोडली की लव्हॉनच्या भांड्याचं झाकण उडालं. "एका पिशवीने," व्हर्लिन पुटपुटला. "पिशवीने नाही," ती म्हणाली, "तुझ्या सभ्यपणाने."

लग्नाला चार दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी तो गॅरेजात उलटी बादली घेऊन चाकांसमोर बसला. करता येण्यासारखं एकच काम उरलं होतं, आणि ते पहिल्या दिवसापासून उरलेलं होतं. आर्लीनने ते सव्वीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं, लव्हॉनने सांगितलं होतं, पोस्टातल्या बाईनेही एकदा सांगितलं होतं, जिला गाडीतलं काही कळत नाही. त्याने डेल्मरला फोन केला.

"माझी जुनी चाकं तुझ्याकडे आहेत ना? गाडीबरोबर आलेली."

"गवताच्या गाड्याला लावलीत. का?"

"परत हवीत."

डेल्मरने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "आर्लीन बरी आहे ना?"

गाडा ठोकळ्यांवर चढवून दोघांनी ती चाकं सोडवली, गंज घासला, दुकानात नेऊन त्यांवर नवीन सात इंची टायरं चढवली. बोल्ट आवळून व्हर्लिन दहा पावलं मागे जाऊन उभा राहिला. पैलवान गेला होता. पैलवानाच्या जागी बायकोच्या सपाता घालून दारात दूध घ्यायला आलेला माणूस उभा होता. "आरशात पाहिल्यासारखं वाटतं," तो म्हणाला, आणि डेल्मरने सौजन्य म्हणूनसुद्धा नाही म्हटलं नाही.

शनिवारी दीड वाजता रिने पायऱ्या उतरली. व्हर्लिनने मागचं दार उघडलं. आधी ती बसली, मग झगा आत भरायला लागले. झगा संपेना. एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने वर येई. शेवटी पूर्ण बाक भरला, आणि लव्हॉन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इथे माझा पायसुद्धा मावणार नाही. मी आणि करवली आर्लीनबरोबर जातो." दार लावून ती निघूनही गेली.

व्हर्लिन गाडी सुरू करून रस्त्याला लागला. दुसऱ्या वळणावर त्याच्या डोक्यात हिशेब आपोआप उतरला. मागे साडेतीन पिशव्या. झगा धरून चार. रुंद टायरं बारा पिशव्या निमूट वाहत होती. म्हणजे ती काढायची काही गरज नव्हती. चार दिवसांचा उपद्व्याप, डेल्मरचा गाडा अजून ठोकळ्यांवर, आणि आपण सपाता घालून मुलीच्या लग्नाला. त्याला हसू आलं. दाबलं तर खांदे हलायला लागले.

"काय झालं?" मागून रिनेने विचारलं.

तिचा आवाज इतका जवळून आला की तो दचकला. या गाडीत मागचं माणूस बोललेलं त्याला कधी ऐकूच आलं नव्हतं.

"काही नाही. टायरं बदलली मी. बारीक लावली."

"हो? मला नाही दिसलं."

"नाही दिसलं?"

"डॅडी, मला तुझ्या गाडीचं काहीच दिसत नाही. फक्त ऐकू यायचं."

मग त्याने सगळं सांगितलं: बदक, बॅट, सुटलेला रंग, मीठ, सव्वासहा आणि आत्ताचा हिशेब. रिने इतकी हसली की झग्याच्या ढिगाऱ्यातून हात काढून तिला डोळे टिपावे लागले. "काजळ गेलं माझं," ती म्हणाली. इंजिन गुरगुरत होतं, बाकी काही नाही. व्हर्लिनला आरशात तिचं अर्धं तोंड दिसत होतं. काहीतरी बोलावं असं वाटत होतं, आणि बापाने अशा वेळी काय बोलायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. आजवर ती अडचण टायरच्या घासण्याने सोडवली होती.

"हवा अठ्ठावीस पौंड ठेवलीय," तो म्हणाला.

"छान," रिने म्हणाली. "आईला कितीची वेळ दिलीय आपण?"

"दोनची."

"आता?"

"पावणेदोन."

"मग चर्चच्या कोपऱ्यावरून नको वळू. गोठ्यापर्यंत जाऊन येऊ. मला अजून तुला पुष्कळ सांगायचंय."

चर्चच्या दारात चाळीसएक माणसं हातात टोप्या धरून उभी होती. त्यांच्यासमोरून व्हर्लिन न वळता, आवाज न करता सरळ निघून गेला.