बाई ‘येतें’ म्हणाल्या

तुळजाबाई कंटेनरमध्ये शिरताना चपला बाहेर काढत. आत पाऊल टाकण्याआधी मागे वळून ‘येतें’ म्हणत, मग ‘दार लाव’ म्हणत, आणि दार लागलं की आत एकट्या उभ्या राहत. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्या बाहेर येईपर्यंत दारापासून हललेच नाही. कारण त्या दाराला आतून कडी नव्हती. बाहेरच्या माणसाने दांडा ओढून उघडलं तरच आतलं माणूस बाहेर येणार.

सांगलीहून लग्न करून मी चेन्नईला आले, वेलचेरीत बिऱ्हाड थाटलं आणि अंबत्तूरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये निर्यातीची कागदपत्रं करायला लागले. आमच्याकडून गोठवलेले शेवग्याच्या शेंगांचे तुकडे, खवलेला नारळ, परोटे असा माल रीफरमध्ये, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये भरून जहाजाने परदेशी जाई. परदेशात बसलेल्या तमिळ माणसाच्या सांबारात शेवगा पडायचा तर आधी तुळजाबाईंच्या नाकातून पास व्हावं लागे. माल तपासणं आणि रिकामा कंटेनर तपासणं, दोन्ही त्यांच्याकडे होतं.

बाई तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांची मराठी ऐकून मला आधी हसू आवरेना. ‘कां गे, जेवलीस कीं नाहीं?’ असं जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं बोलायच्या, आणि पुढच्याच वाक्यात ‘अय्यो, मोर संपलें’ म्हणून ताकाला तमिळ करून टाकायच्या. त्यांना माझी मराठी घाईची वाटे. ‘तुमचे देशीं सगळेच असें धावत बोलतात काय?’ असं विचारायच्या. त्या ऑफिसात माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कोणीच नव्हतं, त्यामुळे डबा आम्ही रोज एकत्र खात असू.

कंटेनर बंद करून आत उभं राहण्यामागे शास्त्र होतं. दार लावल्यावर कुठून उजेडाची रेघ दिसली तर रबर फाटलंय असं समजायचं, कारण तिथून थंडी गळणार. दुसरी गोष्ट वासाची. आधीच्या फेरीत लसूण किंवा मासळी गेली असेल तर तो वास भिंतींत राहतो आणि पुढच्या मालाला लागतो. इतर ठिकाणी माणसं दारातूनच नाक आत घालून ‘ओके’ म्हणतात. बाईंना ते पटत नसे. ‘उजेड असला कीं मज वास नीट कळत नाहीं,’ त्या म्हणत. ‘अन्न आहे तें. कोठें तरी कोणाचें पोर खाणार.’

लोडिंगचा सुपरवायझर सेल्वम दाराशी उभा राही. बाई तमिळमध्ये त्याला ‘वरेन’ म्हणत, म्हणजे ‘येते’. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तमिळ माणूसही तसंच करतो, ‘पोरेन’ म्हणजे ‘जातो’ हा शब्द उंबऱ्यावर कोणी उच्चारत नाही. बाईंचा याबाबतीत फार कटाक्ष होता. भरलेला कंटेनर बंदराकडे निघाला आणि मी फोनवर ‘गेला’ म्हटलं, तरी त्या डोळे वटारत. ‘निघाला म्हण गे. गेला काय?’

सेल्वम दांड्यावर हात ठेवून उभा असे आणि आतून थाप आली की लगेच दार उघडी. एवढीच काय ती व्यवस्था. मला ती कधीच पुरेशी वाटली नाही. मी एकदा म्हटलं, ‘बाई, आणि सेल्वम विसरला तर?’ त्या हसल्या. ‘येतें म्हणून सांगून जातें कीं मी. सांगितलेलें माणूस वाट पाहतें.’ त्यांचा त्या एका शब्दावर एवढा विश्वास होता. मला मात्र तो दांडा पडल्याचा आवाज नकोसा होई.

सेल्वम बहिणीच्या लग्नासाठी गावी गेला तेव्हा त्याच्या जागी दिनेश नावाचा नवा माणूस आला. बाई चपला काढून, ‘वरेन’ म्हणून आत गेल्या. दिनेशने दार लावून दांडा पाडला. तेवढ्यात त्याला गेटवरून हाक आली म्हणून तो निघाला. वाटेत ट्रेलरचा ड्रायव्हर चहा पिऊन परतत होता. त्याने विचारलं, ‘अम्मा एंगे?’ अम्मा कुठे? दिनेशने चालता चालता जे खरं तेच सांगितलं, ‘वरेन्नु सोन्नांग.’ येते म्हणाल्या.

दिनेशला म्हणायचं होतं, आत आहेत, आता येतील. ड्रायव्हरने ऐकलं ते असं, की काम आटोपून, निरोप घेऊन अम्मा गेल्या. दार तर बंदच होतं. त्याने उरलेले दांडेही आवळले, कंटेनर मागच्या बाजूला विजेच्या जोडणीपाशी नेला, माल भरण्याआधी गार व्हावा म्हणून उणे अठरा अंशांवर मशीन सुरू केलं आणि जेवायला गेला.

डबा उघडून मी बाईंची वाट पाहत होते. त्या आल्या नाहीत म्हणून माल चढवायच्या धक्क्यावर गेले. भर दुपारचं ऊन होतं, डांबर चटके देत होतं. तिथे बाईंच्या चपला शेजारी शेजारी नीट ठेवलेल्या होत्या आणि त्यांच्या पुढे कंटेनरच नव्हता. दिनेश गेटवरून परत येत होता. मी विचारलं तर तो ‘आतच आहेत’ म्हणत रिकाम्या जागेकडे बोट दाखवायला गेला आणि त्याचं बोट तसंच हवेत राहिलं.

आम्ही मागे धावलो. मशीनचा पंखा एवढा घोंघावत होता की आतून कोणी दार बडवलं असतं तरी ऐकू आलं नसतं. दिनेशच्या हातांना दांडे आवरेनात. मी देवाचं नाव घेत होते की त्याला शिव्या देत होते, आठवत नाही. दार उघडलं तेव्हा धुरासारखी गार वाफ बाहेर आली आणि तिच्यामागे बाई दिसल्या. पदर डोक्यावरून घट्ट गुंडाळलेला, हात काखेत, ओठ जांभळे. त्या अनवाणी, थंडगार धातूच्या जमिनीवर येरझारा घालत होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘लसूण आहे गे. हा नको.’

मी त्यांना मिठी मारून उन्हात बसवलं आणि हमसून रडले.

मालकांनी मग दारावर टांगायला ‘आत माणूस आहे’ अशी लाल पाटी केली. बाईंना महिनाभर ताप आणि खोकला होता. त्या परत येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो, पण त्या आल्या आणि पहिल्याच दिवशी चपला काढून कंटेनरसमोर उभ्या राहिल्या. सेल्वमकडे वळून स्पष्ट म्हणाल्या, ‘उळ्ळे पोरेन.’ आत जाते. सेल्वमचा चेहरा उतरला. ‘अम्मा, असं बोलू नये,’ तो काकुळतीने म्हणाला. मीही म्हटलं, ‘बाई, अशुभ वाटतं हो.’

‘शुभ बोललें म्हणून तर आंत राहिलें,’ बाई म्हणाल्या. ‘दार लाव.’

त्यानंतर त्या रोज ‘जातें’ म्हणायला लागल्या. कंटेनरमध्ये शिरताना, संध्याकाळी बसकडे निघताना, माझ्याशी बोलून फोन ठेवताना. त्यांचा खोकला काही गेला नाही. डॉक्टर म्हणत, छाती आधीपासूनच कमजोर होती. असेलही. मला मात्र तो खोकला ऐकला की ती गार वाफच दिसे.

पुढच्या वर्षी त्यांना इस्पितळात ठेवलं. मी आणि सेल्वम भेटायला गेलो. तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. भेटीची वेळ संपली तेव्हा मी त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, ‘येते हं, बाई.’

त्यांनी मास्क जरा बाजूला केला. ‘तूं ये. मी जातें.’

‘बाई, नका ना.’

‘नीट सांगितलेलें बरें गे. मागाहून कोणी शोधत फिरूं नये.’

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गेल्या. मला ‘गेल्या’ असंच म्हणावं लागलं.

आता रिकाम्या कंटेनरमध्ये सेल्वम शिरतो. नाक बाईंसारखं नाही, पण चपला काढतो, आणि मोठ्याने ‘पोरेन’ म्हणतो. दाराशी मी उभी राहते. कागदपत्रांसाठी कोणी हाका मारल्या, फोन वाजला, तरी तो बाहेर येईपर्यंत मी दांड्यावरचा हात काढत नाही.