मांडीवरचा संगणक

तापलेल्या संगणकाला एक वास असतो, किंचित धुळीचा, किंचित जळकट. आर्वीच्या माझ्या माडीवरच्या स्टुडिओत तो वर्षानुवर्षे मुरला होता, आणि लग्नसराईत मला त्याच्याविना करमतच नसे. लग्नाच्या चित्रणाची काटछाट करून सीडी बनवायची, हा माझा व्यवसाय. आमच्याकडे त्याला सरसकट मिक्सिंग म्हणत.

मिक्सिंगच्या दिवशी लग्नघरची पुरुषमंडळी माझ्या पाठीमागच्या बाकावर येऊन बसत आणि खुशाल हुकूम सोडत, मामाजींना ठेवा, ते जेवणारे काढा. मीही निमूट ऐके. पुढे तो जुना संगणक थकला. आता टेबलावरचा घ्यावा की मांडीवरचा? टेबलावरचा बलदंड, मोठ्या पडद्याचा, बिघडला तर खोलून दुरुस्त होणारा. लॅपटॉप नाजूक, महाग, व्हिडिओचं ओझं पडलं की धापा टाकणारा. यात शहाण्या माणसाने विचार तो काय करायचा? माझं ठरलंच होतं. एका मित्राने वापरून पाहायला दिलेला लॅपटॉप मी पिशवीतून बाहेरही काढला नव्हता.

अशात आंजी गावच्या एका नव्या नवरीचा सासरहून फोन आला. "भाऊ, सीडीत माही आई कोठीच नाई दिसून राह्यली." ती रागावली असती तर बरं झालं असतं, ती नुसतीच सांगत होती. आई विधवा, रिवाजापायी मांडवात पुढे आलीच नव्हती. बाकावरच्या काका-मामांना तिची आठवण झाली नाही, आणि लग्नातला चेहरान् चेहरा न्याहाळणाऱ्या मलाही झाली नाही. मला माझीच लाज वाटली. ती माउली आर्वीला येऊन, जिना चढून, त्या पुरुषांच्या बाकावर कधी बसली असती का? मग संगणकानेच तिच्याकडे जायला हवं होतं. लॅपटॉप, कॅमेरा आणि मूळ टेप घेऊन मी त्या काकूंकडे जायला आंजीची एसटी धरली.

"मी काय दिसतो त्याच्यात, भाऊ? मी त मागंच होती," काकू म्हणाल्या, पण जवळ येऊन बसल्या. टेप सरकत गेली आणि त्या सापडल्या. मंगलाष्टकं चालू असताना स्वयंपाकाच्या मांडवाशी, बांबूला धरून, दुरूनच अक्षता टाकत होत्या. कॅमेरा हलला म्हणून तो तुकडा मीच वगळला होता. काकू कितीतरी वेळ स्वतःकडे पाहत राहिल्या.

"पोचल्या नसतीन त्या," त्या हळूच म्हणाल्या. "लय दूर होती न मी."

मी तो तुकडा उचलला आणि लेकीच्या मुंडावळ्यांवर अक्षता पडतात त्या क्षणाच्या अगदी अलीकडे जोडला. लॅपटॉप धापा टाकू लागला, तापला. काकू पदराने त्याला वारा घालत बसल्या, आणि तिथेच माझं ठरलं की घेईन तर हाच.

मग मी चित्र सुरू केलं. काकूंचा हात उठला, अक्षता उडाल्या आणि लेकीच्या मस्तकावर पडल्या. काकूंनी तोंडाला पदर लावला. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "अजून एकडाव लाव, भाऊ. पोचल्या त्या."