नर्मदेचं नाव

“हात नका लावू. आली तशी राहू द्या.”

हे वाक्य तो इतक्यांदा म्हणायचा, की अड्ड्यावरचे लोक त्याच्या लॉरीजवळून जाताना स्वतःच ते मोठ्यानं म्हणून घ्यायचे. त्याला राग यायचा नाही. खांद्यावरच्या फडक्यानं बॉनेटवरची धूळ पुसायची आणि मान हलवायची, एवढंच. आपलं म्हणणं लोकांना पाठ झालं याचं उलट त्याला समाधानच वाटत असावं.

लढाई नुकतीच संपली होती. पलटणीच्या जुन्या लॉऱ्या लिलावात निघाल्या आणि बघता बघता आमच्या जबलपुरात ज्याला त्याला लॉरीमालक व्हायची हौस आली. मी तेव्हा जंगलातला माल उचलणाऱ्या एका ठेकेदाराकडे कारकून होतो. लाख, हिरडा, मोहफुलं असा आमचा माल. तो वाहायला लॉऱ्या ठरवणं माझ्याकडे असल्यामुळे सदर बाजाराच्या अलीकडे लॉऱ्यांचा जो अड्डा होता, तिथं माझा अर्धा दिवस जायचा.

तुम्ही त्या वेळच्या लॉऱ्या पाहिल्या असतील तर मी काय सांगतो ते कळेल. लिलावातून आलेली प्रत्येक गाडी आधी खाकी असायची. महिनाभरात तिचं ताडपत्रीचं छत उतरायचं, सागवानी बॉडी चढायची, टपावर लाकडी कमान बसायची. मग पेंटर यायचा. दोन्ही दारांवर मोर, मागच्या फळीवर गुलाब, आरशाला गोंडे, आणि मूळचा भोंगा काढून रबरी फुग्याचा दुहेरी सुराचा भोंगा. मालकाची आवड असेल तसं कुणाचा वाघ, कुणाचं कमळ. एकानं तर आपल्या पहिलवान काकांचं चित्र काढून घेतलं होतं. ते चित्र बघून काकांनी पुतण्याशी बोलणं सोडलं.

या सगळ्या वरातीत त्याची लॉरी तशीच खाकी उभी. बॉनेटवर पलटणीचा पांढरा नंबर, लोखंडी कड्यांवर ताडपत्री, भोंगाही मूळचाच. तो स्वतः पलटणीत ड्रायव्हर होता, पूर्वेकडे आसामपर्यंत जाऊन आला होता. म्हणून अड्डा त्याला फौजी म्हणायचा. माणूस मूळचा वऱ्हाडाकडचा. माझ्याशी मराठी बोलायचा, इतरांशी हिंदी, आणि घाईत असला की दोन्ही एकदम.

पोळ्याच्या दिवशी मी त्याला छेडलं. म्हटलं, “तुमच्याकडे बैलांना रंगवता, शिंगांना बेगड लावता, झूल घालता. मग या बिचारीनं काय पाप केलं?”

त्यानं बॉनेटवर हात फिरवला. “बैल दुसऱ्या दिवशी नदीवर नेऊन धुता येते, बाबूजी. हिले धुतलं तर पुन्हा अशी होईल काय?”

मी हसून सोडून दिलं. पेंटर मात्र या गोष्टीवरून मनापासून दुखावलेला असायचा. जबलपूरचाच हिंदी माणूस, हातात ब्रश घेऊनच जन्मल्यासारखा. अड्ड्यावरची एकच गाडी आपल्या हातून सुटली, हे त्याला सलत होतं. “फौजी भैया, एक मोर तो बैठा लो. अकेली खड़ी है बेचारी,” असं तो विनवायचा, आणि उत्तर ऐकून हसत निघून जायचा.

इथपर्यंत सगळी गंमत होती. गंमत संपली ती कुंडमच्या मालामुळे.

कुंडमकडच्या रानातल्या वस्त्यांवरून आमचा माल यायचा. लढाईच्या काळात तिकडे खाकी गाड्या गेल्या होत्या त्या रसद मागायला, नाही तर मजुरीला माणसं न्यायला. तो धाक लोकांच्या मनातून गेला नव्हता. याची लॉरी वस्तीजवळ आली की माणसं रानात पसार. वजन करायला कुणी नाही, पोती उचलायला कुणी नाही. हा बिचारा भोंगा वाजवायचा, आणि पलटणीचाच भोंगा तो, त्यामुळे राहिलेले म्हातारेही उठून जायचे. तीनदा गाडी रिकामी आली तेव्हा आमच्या शेठजींनी त्याला बोलावून घेतलं.

“रंग चढ़वा लो, भैया,” शेठजी शांतपणे म्हणाले. “नहीं तो कुंडम का माल दूसरी गाड़ी उठाएगी.”

कुंडम गेलं तर त्याच्याकडे दुसरं काम नव्हतं. सदरच्या व्यापाऱ्यांना रंगीत गाड्याच लागत. लॉरी विकावी लागली असती, आणि लॉरीखेरीज त्याला दुसरं काहीच नव्हतं. घरी एकटा. स्वयंपाक स्वतः करायचा, झोपायचाही बहुतेक लॉरीतच. मी त्याला बाहेर गाठून म्हटलं, “भाऊ, हट्ट सोडा. एक मोर काढल्यानं काय बिघडतं?”

“तुम्ही काहून मागं लागून राहिले, बाबूजी?” तो म्हणाला. मग फडक्यानं उगाच दाराची कडी पुसत राहिला. “नाव टाकतो. नावानं गाडी बदलत नाही.”

पेंटरला त्यानं मागची फळी दाखवली. “पीछे नर्मदा का नाव डाल दे. छोटासा. और कुछ नहीं.” एवढं सांगून तो निघून गेला. आपल्या गाडीवर ब्रश फिरताना त्याला पाहवलं नसतं.

आपल्या मराठीत नाव म्हणजे आधी नाम, मग होडी. हिंदी माणसाला नाव म्हणजे होडी, दुसरं काहीच नाही. पेंटरला ‘का’ थोडा खटकला होता, होडी म्हटल्यावर ‘की’ पाहिजे होता. पण मराठी लोक का आणि की यांचा नेहमीच घोळ घालतात, हे जबलपुरातल्या कुठल्याही हिंदी माणसाला विचारा, तो शपथेवर सांगेल. तेव्हा त्यानं नर्मदेतली एक नाव काढली. जन्मभर मोर काढलेला हात तो. होडी काही त्याला नीट जमली नाही. एक वाकडी रेघ, तिच्यावर दोन उभ्या, खाली पाण्याच्या म्हणून दोन-तीन लाटा.

फौजी परत आला तेव्हा अर्धा अड्डा जमला होता. त्यानं फळीकडे पाहिलं. “मैंने नाव बोला था.”

“नाव ही तो है,” पेंटर म्हणाला.

मी मध्ये पडून दोन्ही भाषांतला घोटाळा समजावून दिला आणि अड्ड्यावर जो हशा पिकला तो बराच वेळ टिकला. पेंटर ओशाळला, रॉकेलचा बोळा घेऊन पुसायला निघाला. यानं त्याचा हात धरला. होडीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाला, “रहने दे. आली तशी राहू दे.”

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर कुंडमला गेलो. शेठजींना निकाल हवा होता. वस्ती दिसायला लागली आणि माझ्या लक्षात आलं की होडी मागच्या बाजूला आहे. समोरून येणारी गाडी खाकीच दिसणार. मी त्याला तसं म्हटलं. त्यानं गाडी थांबवली, वळवली आणि उलटी चालवायला सुरुवात केली. खिडकीतून मान बाहेर काढून, मागं बघत, फुफाट्यातून हळूहळू आम्ही वस्तीत शिरलो. एक माणूस कुंपणाआडून डोकावला. मग दोघं. मग बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. रसद मागायला आलेली गाडी अशी कधी आली नव्हती. त्या दिवशी लॉरी भरून परतली.

पुढं तिकडे त्या गाडीचं नावच ‘उल्टी गाड़ी’ पडलं. काम होडीनं केलं की उलट्या चालीनं, यावर अड्ड्यावर फार वाद झाले. माझं मत उलट्या चालीच्या बाजूचं होतं, पण पेंटरसमोर मी ते कधी बोललो नाही.

त्या दिवशी परत येताना मी त्याला विचारलं होतं. नर्मदामैया म्हणून नाव टाकायला सांगितलंत का? आम्ही सगळे तसंच धरून चाललो होतो.

“बायको,” तो म्हणाला.

मग गिअर बदलत त्यानं पुढचं सांगितलं. पूर्वेकडे जाण्याआधी त्याला सुट्टी मिळाली होती. त्या सुट्टीत त्यानं तिला आपल्या पलटणीतल्या लॉरीचं सगळं वर्णन करून सांगितलं. दार कसं लागतं, छत कसं बांधतात, नंबर कुठं असतो. लढाई संपली की अशीच एक घेऊ आणि तुला तीत बसवून तुझ्या आईकडे नेऊ, असं कबूल केलं. “मी वापस आलो तवा ती नव्हती. तापानं गेली. तिले सांगितलेली गाडी अशीच होती, बाबूजी. मोर असलेली नव्हती.”

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, पेंटरला सांगून नाव नीट लिहून घ्या, मी सांगतो त्याला. तर म्हणाला, नको, ही होडी बघून तिला हसू आलं असतं.

काही वर्षं अशीच गेली. मग एका पावसाळ्याच्या शेवटी तोही तापानं आजारी पडला आणि आठवडाभरात गेला. अड्ड्यानंच त्याला नर्मदेकाठच्या ग्वारीघाटावर नेलं. लॉरी सदरच्या एकानं घेतली, आणि त्यानं पेंटरला मोर, वाघ, गुलाब, सगळंच सांगितलं. पेंटर डबे घेऊन आला खरा, पण दोन दिवस नुसता गाडीभोवती फिरत राहिला. त्याच सुमारास एक म्हातारी अड्ड्यावर आली. वऱ्हाडातल्या गावाहून, गावच्याच एका माणसाला सोबत घेऊन. हिंदी तिला येत नव्हती, म्हणून लोकांनी तिला माझ्याकडे पाठवलं.

ती त्याची सासू होती. जावई दर वर्षी भेटायला येत असे, म्हणाली. गाडी मात्र एवढ्या लांब कधी आणली नव्हती.

“जवायानं सांगतलं होतं मले, गाडीवर माह्या पोरीचं नाव टाकलं म्हणून. तेवढं दाखव रे बाबू. मले वाचता येत नाही, पर पाहाले काय जाते?”

मी तिला लॉरीच्या मागं नेलं. पेंटर डब्याचं झाकण हातात धरून उभाच राहिला. पावसानं आणि धुळीनं होडीचा रंग उडाला होता. वाकडी रेघ, दोन उभ्या रेघा आणि खालच्या लाटा एवढंच उरलं होतं. म्हातारीनं डोळे बारीक करून पाहिलं.

“इकडे असं लिवतेत काय?”

“हो,” मी म्हणालो, “इकडे असंच लिहितात.”

तिनं वाकड्या रेघेच्या एका टोकावर बोट ठेवलं आणि हळूहळू दुसऱ्या टोकापर्यंत नेलं.

“नर्मदा,” ती म्हणाली.