शुक्रवारची चाचणी

शनिवारी सकाळी सव्वाआठला सात नंबरच्या पॉवरलूमवरचा लाल दिवा लागला. धागा तुटला नव्हता. पुढच्या तासाभरात दिवा आणखी अकरा वेळा लागला. एकदाही धागा तुटला नव्हता.

दिवा बाळारामने बसवला होता. तो त्या लूमचा कारीगर, वय बावन्न, राहणार अंजूर. बसवायला मी शिकवलं होतं. भिवंडीत मी मायक्रोकंट्रोलरचा वर्ग चालवतो. मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढी चिप. तिला प्रोग्रॅम दिला की ती तेवढंच काम न थकता करत राहते.

बाळारामच्या डोळ्यांचा पडदा मधुमेहाने खराब झाला होता. चष्म्याचा उपयोग नव्हता. उजव्या काठाचा धागा तुटला की त्याला उशिरा कळे. तोवर कापडात लांब रेघ पडलेली असे. दोनदा माल परत आला. तिसऱ्यांदा आला तर ड्युटी बंद, असं शेठने सांगितलं होतं. म्हणून तो वर्गात आला.

पहिल्या दिवशी सगळे दिवा लुकलुकवायला शिकतात. त्याचा लुकलुकला तेव्हा तो म्हणाला, “डोळं मिचकावतंय बरं. आता त्याला बघायला शिकवा, सर.”

रेझिस्टर या बारीक पार्टवर त्याचं माप सांगणारे रंगीत पट्टे असतात; ते त्याला दिसत नसत. शेजारी बसणारी शबाना वाचून सांगे. “चाचा, ये भूरा है, लाल नहीं. घर जलाओगे क्या?” वायर जोडण्यात मात्र त्याचा हात वर्गात सर्वांत साफ होता. तीस वर्षं धाग्यांना गाठी मारलेला हात.

त्याचं यंत्र साधं होतं. काठाच्या चाळीस धाग्यांवर प्रत्येकी एक पातळ पिन लटकवायची. धागा तुटला की पिन खालच्या पट्टीवर पडते, सर्किट जोडलं जातं, चिपला सिग्नल मिळतो, दिवा लागतो.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. शेठने त्याच दिवशी चाचणीला परवानगी दिली. एकच लूम चालू केला. आम्ही दहा धागे कापले. दहाही वेळा दिवा लागला. मी पास म्हणालो.

शनिवारी चोवीस लूम चालू होते. साडेनऊला बाळारामचा फोन आला. खडखडाटात तो ओरडत होता.

“सर, दिवा खोटा लागतंय, का मलाच धागा दिसत न्हाय?”

“लूम बंद ठेवा. मी येतो.”

“किती येळा बंद करू? शेठ डोक्यावर उभा हाय.”

मागून शेठचा आवाज आला. “दिवाली मना रहा है क्या? माल निकाल!”

मी पार्ट आणायला ठाण्याला गेलो होतो. कशेळीला ट्रॅफिक होतं. पोहोचायला साडेबारा वाजले. तोवर बाळारामने दिव्यावर काळी टेप चिकटवली होती. मी टेप काढली. दिवा लागलेला होता. या वेळी धागा खरंच तुटला होता. रेघ कापडाबरोबर रोलवर गुंडाळली जात होती.

कारण दहा मिनिटांत कळलं. आजूबाजूच्या मोटारींमुळे लांब वायरमध्ये खोटा सिग्नल उमटत होता. शुक्रवारी त्या मोटारी बंद होत्या.

“चूक माझी आहे,” मी शेठला म्हणालो.

“मालूम है. पर आप मेरी नौकरी में नहीं हो, सर. किसको निकालूँ?”

बाळारामने कात्री लूमवर ठेवली आणि डबा उचलला.

पुढच्या आठवड्यात मी जाळीचं आवरण असलेली वायर घातली. सिग्नल अर्धा सेकंद टिकला तरच दिवा लागेल, एवढी अट प्रोग्रॅममध्ये वाढवली. चोवीसही लूम चालू असताना चाचणी घेतली. दिवा एकदाही खोटा लागला नाही. यंत्र सात नंबरवरच आहे. कारीगर दुसरा आहे. वर्गातली कोणतीही चाचणी मी आता सुट्टीच्या दिवशी घेत नाही.

यंत्र नीट चालतंय हे सांगायला बाळारामला फोन केला.

“चालतंय ना? मंग बरं,” तो म्हणाला.

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोडाऊनवर तो गेटवरच्या वॉचमनचं काम मागायला जाऊन आला होता. तिथे त्याला समोरच्या ट्रकचा नंबर वाचायला सांगितला.

“मग?”

“न्हाय दिसला.”